वहिनींचं कुसकुस आणि ओरानचं पत्र

आमच्या पाटीवर पेंटरनं 'बिस्त्रो'च्या जागी 'बिस्तरो' लिहिलं आणि पहिल्या आठवड्यात जेवायला आलेल्यांपेक्षा खोली मागायला आलेली माणसं जास्त झाली. एक जण तर वळकटी खांद्यावर घेऊनच दारात उभा राहिला. "भैया, यहाँ खाना मिलता है, बिस्तर नहीं," असं आमच्या रफीकभाईंनी सांगितल्यावर तो चिडून म्हणाला, "तो लिखा काहे को है?" त्याचं काही चुकलं नव्हतं. पाटी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून घेतली, पण झाशीच्या सदर बाजारात आमचं दुकान शेवटपर्यंत 'बिस्तरवाली मेमसाब का होटल' याच नावानं ओळखलं गेलं.

त्या हॉटेलात मी बारा वर्षं स्वयंपाक केला. फ्रेंच स्वयंपाक, आणि त्यातही अल्जीरियाच्या वळणाचा. आमच्या घराण्यातल्या बायकांनी तोवर देवाचा आणि घरचा सोडून तिसरा स्वयंपाक केलेला नव्हता. आम्ही झाशीचे जुने मराठी लोक. पेशव्यांच्या काळात पूर्वज इकडे पूजाअर्चेसाठी आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. माझी नातवंडं आता मराठी समजतात, पण उत्तर हिंदीतच देतात, तेव्हा हा लेख त्यांना मीच वाचून दाखवणार आहे.

ही नोकरी मला मिळाली ती गव्हल्यांमुळे. गव्हले म्हणजे काय हे आता महाराष्ट्रातही सांगावं लागत असेल. भिजवलेल्या रव्याचे चिमटीनं गव्हाएवढे दाणे वळायचे, वाळवायचे, आणि लग्नकार्यात त्यांची खीर करायची. मी रेल्वे कॉलनीत आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर नणंदेच्या मुलीच्या लग्नासाठी गव्हले वळत बसले होते. समोरच्या रस्त्यानं दातारवहिनी चालल्या होत्या. त्या थांबल्या, फाटक उघडून आत आल्या, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि ताटातले दाणे बोटांनी उचलून म्हणाल्या, "हे कोणी शिकवला तुम्हाला?"

दातारवहिनी म्हणजे दातारसाहेबांची विधवा. साहेब रेल्वेत इंजिनीअर. विजेच्या इंजिनांचं शिक्षण घ्यायला रेल्वेनं त्यांना फ्रान्सला पाठवलं होतं. तिथून ते शिक्षण आणि बायको दोन्ही घेऊन आले. वहिनींचं मूळ नाव सोलांज. सासूनं ठेवलेलं सुलोचना. मराठी त्या साहेबांकडून शिकल्या होत्या, पण आमच्या भाषेतल्या तो-ती-तेशी त्यांचं कधीच जमलं नाही. साहेब झाशीलाच हार्टनं गेले. सगळ्यांना वाटलं, बाई आता फ्रान्सला जातील. त्या म्हणत, "तिथं मी सहा वर्षं राहिले, पाहुणी होते. इथं चौदा वर्षं." बंगला सोडावा लागला तेव्हा त्यांनी सदर बाजारात एक जुनी बसकी इमारत भाड्यानं घेतली आणि सात टेबलं मांडली.

त्या दिवशी ओट्यावर त्यांनी मला विचारलं, "माझ्याकडे काम कराल?" मी हसण्यावारी नेलं, पण घरी विषय काढला. आमचे 'हे' मालगाडीवर गार्ड होते. यार्डात पाय दुखावल्यावर डॉक्टरांनी त्यांना गाडीसाठी नापास केलं आणि पार्सल ऑफिसात टेबलाशी बसवलं. त्यांना वाटलं, मी गरजेपोटी विचार करते आहे. त्यांनी तोंड पाडलं. मी खरं ते सांगितलं, "मला बघायचंय तिथं काय काय करतात." ते म्हणाले, "बघून ये. नाही आवडलं तर सोडून दे." माझ्या सासरच्या एका काकूंनी मात्र पुढं दोन वर्षं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

बिस्त्रो म्हणजे काय, हे वहिनींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मोठं हॉटेल नव्हे, खाणावळही नव्हे. टेबलं थोडी, पदार्थ थोडे, मालकीण समोर उभी. आज जे शिजलं असेल ते खडूनं पाटीवर लिहायचं, संपलं की पुसायचं. गिऱ्हाइकाला उठवायचं नाही. ही शेवटची अट झाशीला पचायला फार जड गेली. इथं माणूस बसला की पाच मिनिटांत ताट पाहिजे आणि दहाव्या मिनिटाला हात धुवायला पाहिजे.

कुसकुस हा आमचा मुख्य पदार्थ. रव्यावर मिठाचं पाणी शिंपडून तळव्यानं गोल गोल फिरवायचं, वरून कोरडं पीठ भुरभुरायचं, की बारीक कणी तयार होते. ती चाळून घ्यायची. खाली पातेल्यात गाजर, सलगम, भोपळा, हरभरे आणि मटण रटरटत ठेवायचं, वर भोकांचं भांडं, त्यात ही कणी. दोन भांड्यांच्या सांध्यातून वाफ निसटू नये म्हणून पिठात बुडवलेली कापडाची पट्टी गुंडाळायची. वाफ आली की परातीत ओतायचं, तेल लावून गाठी मोडायच्या, पुन्हा वाफेला लावायचं. असं तीनदा. वहिनींचं भोकांचं भांडं पिचलं तेव्हा मी घरून मोदकपात्र आणलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळं आहे, फक्त तुम्ही त्यात गोड घालता."

बाकीचं सामान जमवणं हा वेगळाच उद्योग. ऑलिव्हचं तेल तेव्हा औषधाच्या दुकानात मिळे, बाळाच्या मालिशीसाठी, एवढ्याशा बाटलीत. वहिनी एकदम बारा बाटल्या मागत. दुकानदारानं एकदा मला हळूच विचारलं, "बहनजी, मेमसाब के यहाँ कितने बच्चे हैं?" ऑलिव्हची फळं मिळत नसत, म्हणून आम्ही हिरवी करवंदं खारवत असू. मिठात मुरवलेली लिंबं मात्र आमच्या घरच्या बरणीतली. उपासाला करतो तीच, साखर न घालता. मटणाला मी हात लावत नसे. ते रफीकभाई करत. रेल्वेच्या रनिंग रूममध्ये ड्रायव्हर-गार्डांसाठी त्यांनी वीस वर्षं शिजवलं होतं. मटण त्यांचं, कणी, भाज्या आणि कांद्याचं सूप माझं, आणि चव बघणं वहिनींचं. आमचं भांडण फक्त धुराडं कुणी साफ करायचं यावरून होई.

गिऱ्हाइकं तीन जातींची. छावणीतले लष्करी अधिकारी आणि त्यांच्या बायका, रेल्वेचे साहेब, आणि दिल्लीच्या गाडीनं उतरून खजुराहोची बस पकडणारे फिरंगी. झाशीजवळच्या समथरचे एक म्हातारे ठाकूर मात्र कुठल्याच जातीत बसत नव्हते. महिन्यातून एकदा कोर्टाच्या कामाला झाशीला येत आणि भरउन्हाळ्यातही कांद्याचं सूपच पीत. पहिल्यांदा आले तेव्हा वाटीत डोकावून मला म्हणाले, "काए बिन्नू, जौ प्याज को पानी है?" मी म्हटलं, "हाँ दाऊ." दोन चमचे घेतल्यावर म्हणाले, "भौत नोनो है." बुंदेलीत बिन्नू म्हणजे लेक-बहीण, दाऊ म्हणजे वडीलधारा आणि नोनो म्हणजे छान. त्या दिवसापासून पाटीवर आम्ही 'प्याज़ का नोना पानी' असंच लिहू लागलो.

एकदा खजुराहोची बस इलाइट चौराह्यावर बंद पडली आणि दुपारी तीनच्या सुमाराला बावीस फ्रेंच म्हातारे-म्हाताऱ्या आमच्या दारात आल्या. कुसकुस संपलं होतं. ते करायचं म्हणजे अडीच तास. वहिनी डोक्याला हात लावून बसल्या. मी सायकलरिक्षा करून घरी गेले आणि नणंदेच्या धाकट्या मुलीच्या लग्नासाठी केलेला गव्हल्यांचा डबा उचलून आणला. अडीच किलो गव्हले मी मटणाच्या रश्शाच्या वाफेवर उकडले. मटणाला हात न लावणारी मी त्या दिवशी हे कसं करून बसले, देव जाणे. वहिनींनी एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "बेरकूकेस!" म्हणे अल्जीरियात असेच मोठे दाणेही करतात. बावीसच्या बावीस ताटं चाटूनपुसून परत आली. लग्नात खीर लापशीची झाली. नणंदेनं कारण विचारलं तेव्हा मी गव्हल्यांना सोंडे लागले म्हणून सांगितलं.

हे सगळं हसतखेळत सांगता येतं. पण नोकरी म्हटलं की मला आधी आठवते ती पाच माणसांची एक पंगत.

वर्कशॉपमधल्या एका साहेबांनी सकाळी निरोप पाठवला. बाहेरदेशचे पाच रेल्वेवाले वर्कशॉप बघायला आलेत, आपलं तिखट त्यांना सोसत नाही, दुपारचं जेवण तुमच्याकडे. वहिनी पाटीवर लिहायलाही लागल्या. निरोप्या जाता जाता म्हणाला, "अल्जीरिया के हैं, मेमसाब." वहिनींच्या हातातला खडू थांबला.

तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "कुसुमताई, आज तुम्ही आणि रफीकभाई करा. मी बाहेर नाही येणार."

"का? तुम्हीही तिथल्याच ना?"

"म्हणूनच."

मग कणी वळता वळता त्यांनी सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच. त्यांचा जन्म ओरानचा. अल्जीरियातलं बंदराचं गाव. तेव्हा तिथं फ्रेंचांचं राज्य. वडिलांचं स्टेशनसमोर बिस्त्रो होतं. पाटीवर नाव वडिलांचं, पण शिजवणारे हात झोहराचे. झोहरा तिथलीच, अरब बाई. लहानपणी वहिनी तिच्याच पायाशी बसून कणी वळायला शिकल्या. मग स्वातंत्र्याची लढाई झाली, दोन्हीकडची माणसं मेली, आणि फ्रेंच लोक बोटी भरभरून निघाले. वडिलांनी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही, पहाटे दोन बॅगा घ्यायच्या आणि बंदरावर जायचं. आदल्या संध्याकाळी झोहरानं घरी जाताना विचारलं, "उद्या काय शिजवू?"

"मला माहीत होता की उद्या आम्ही नाही," वहिनी म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षांची होते, लहान नव्हते. मी म्हटलं, कुसकुस कर."

एवढं बोलून त्या मागच्या अंगणात शेंगा सोलायला जाऊन बसल्या.

पाच जण आले. चार तरुण, एक पन्नाशीचे. त्यांचं नाव बेन सालेम. गडद कोट, पांढरे होत आलेले केस, बोलणं कमी. मी वाढलं. तरुणांनी कुसकुस बघून एकच गलका केला. बेन सालेमसाहेबांनी आधी नुसती कणी तोंडात घातली, मग वरचा कांदा आणि मनुका, मग सलगम. खाऊन झाल्यावर त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं आणि सावकाश इंग्रजीत विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," म्हटलं.

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमच्या मालकीणबाईंनी."

"त्या कुठल्या?"

"फ्रान्सच्या," मी दडवून सांगितलं.

"नाही," ते म्हणाले. त्यांनी चमच्याची दांडी ताटाकडे वळवली. "हे ओरानचं आहे. फ्रान्समध्ये असं करत नाहीत. त्यांना बोलवा."

मी अंगणात जाऊन सांगितलं. वाटलं होतं, वहिनी नाही म्हणतील. त्या उठल्या, पदराला हात पुसले, साडी सारखी केली आणि बाहेर गेल्या. रफीकभाई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. वहिनींनी फ्रेंचमध्ये काहीतरी म्हटलं. साहेबांनी अरबीत काहीतरी विचारलं. वहिनींनी अरबीत उत्तर दिलं आणि टेबलावरच्या तरुणांचे हात थांबले.

काय बोलणं झालं ते वहिनींनी नंतर सांगितलं. साहेबांनी विचारलं, कुठल्या रस्त्यावर राहत होता? वहिनींनी सांगितला. ते म्हणाले, "त्या रस्त्यावरच्या घरांतून माझी आई कपडे धूत असे." मग म्हणाले, "माझा भाऊ त्या लढाईत गेला." वहिनी म्हणाल्या, "मला वाईट वाटतं." ते म्हणाले, "ते मला दिसतंय. पण त्यानं काही होत नाही." वहिनी उभ्याच राहिल्या. साहेबांनी बसा म्हटलं नाही आणि वहिनींनी खुर्ची ओढली नाही.

जीप आली. निघताना साहेबांनी हात पुढं केला नाही. दाराशी मात्र थांबले, खिशातून डायरी काढली आणि विचारलं, "तिचं नाव काय? शिकवणारीचं?" वहिनींनी झोहराचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, टोपी घातली आणि गेले.

पाच महिन्यांनी पत्र आलं. पाकिटावर अल्जीरियाचं तिकीट, आत पूर्ण कागदभर अरबी. वहिनींना अरबी बोलता येई, वाचता येत नसे. "नोकरांची भाषा," त्या म्हणाल्या. "बोलायला आम्ही आपोआप शिकलो. लिहायला कोण शिकवणार?" झोहराला तर लिहिताच येत नव्हतं. पत्र तिच्या शाळेत जाणाऱ्या नातीनं लिहिलेलं होतं.

रफीकभाईंच्या मोहल्ल्यात मदरशात शिकवणारे एक मौलवीसाहेब होते. वहिनी म्हणाल्या, "परक्या माणसासमोर मला नाही ऐकायचं. तुम्ही जा, लिहून आणा, आणि मला मराठीत वाचून दाखवा." मी आणि रफीकभाई गेलो. मौलवीसाहेबांनी चष्मा लावला, एकेक वाक्य वाचून हिंदीत सांगितलं, आणि मी ते वहीत मराठीत लिहून घेतलं. मला ते जवळजवळ पाठ आहे.

"मी झोहरा. जिवंत आहे. गुडघे गेले. नात लिहिते आहे. तू सांगितलंस तसं मी त्या दिवशी कुसकुस शिजवलं आणि दुपारपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवलं. मला वाटलं, कुणाला पोचवायला बंदरावर गेला असाल. तिसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं आली आणि कुणासाठी शिजवतेस म्हणून विचारलं. त्यानंतर चार वर्षं मला कुणी कामाला ठेवलं नाही. तुझी आई वारली हे कळलं. ती माझ्याशी वाईट वागली नव्हती. तू लांबच्या देशात माझा स्वयंपाक करतेस असं तो साहेब सांगत होता. बरं आहे. पण इकडे येऊ नकोस. मला तुला बघायचं नाही. अल्ला तुझं भलं करो."

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा आम्ही एका टेबलाशी बसलो. मी वाचायला लागले. 'दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवलं' इथं वहिनींनी डोळे मिटले. 'चार वर्षं' आलं तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती. मी पुढं वाचत गेले. 'बरं आहे' वाचलं, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिथून एकदम 'अल्ला तुझं भलं करो' वाचून वही मिटली.

"संपला?" त्यांनी विचारलं.

"संपलं," मी म्हटलं.

रफीकभाई दारात कांदे निवडत बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. वहिनी आत गेल्यावर ते म्हणाले, "जिज्जी, किसी का ख़त हो तो पूरा पढ़ते हैं."

"देखा नहीं आपने, कैसी हो रही थीं?"

"देखा. फिर भी."

मला वाटलं होतं, गोष्ट तिथं थांबेल. दोन ओळींनी काय बिघडतं? दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या त्या चेहरा उजळूनच. म्हणाल्या, "मी जाते. ओरानला. तिनं नको म्हटलेलं नाही."

 तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे आदल्या दिवशी खोटं बोलले हे आधी सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले. कागदपत्रांना अडीच महिने लागले. अडीच महिने रोज सकाळी आम्ही समोरासमोर बसून कणी वळत होतो. वहिनी मला झोहराच्या गोष्टी सांगत होत्या आणि मी हूं हूं म्हणत होते. घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "लाल झेंडी तुझ्या हातात आहे आणि तू ती गुंडाळून बसली आहेस." गार्डच्या नोकरीतून माणूस बाहेर पडला तरी नोकरी माणसातून बाहेर पडत नाही.

दिल्लीच्या गाडीला बसवायला मी स्टेशनवर गेले. झोहरासाठी वहिनींनी चंदेरी दुपट्टा घेतला होता आणि आमच्या लिंबांची एक बरणी. गाडी हलेपर्यंत मी खिडकीच्या गजाला धरून होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "बरणी उभी ठेवा, खार सांडेल."

त्या नसताना तीन आठवडे हॉटेल रफीकभाईंनी आणि मी चालवलं. दोनदा माझ्या कणीच्या गाठी झाल्या. समथरचे ठाकूर सूप पिऊन म्हणाले, "आज वैसो नईं बनो, बिन्नू." मी त्यांना वहिनी परदेशी गेल्याचं कारण दिलं, पण सूप तर नेहमीच माझं असे.

वहिनी परत आल्या त्या सकाळी, स्टेशनवरून थेट स्वयंपाकघरात. बॅग हातातच होती. मी परातीशी बसले होते. त्या समोरच्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही एक ओळ वाचली नाही."

"दोन," मी म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. जिना चढून गेल्या. दार नातीनं उघडलं, मागं झोहरा काठी टेकत उभी. तिनं ओळखलं. तिथूनच म्हणाली, "मी येऊ नकोस म्हणून लिहिलं होतं."

वहिनी म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं."

"का? तुला वाचता येत नाही?"

"नाही. कुणी शिकवलं नाही."

झोहरानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "मलाही नाही." आणि दारातून बाजूला झाली.

त्या घरात वहिनी एक दुपार बसल्या. झोहरानं माफ केलं नाही. माफीचा विषय काढताच तिनं हातानं थांबवलं. लिंबाची बरणी उघडून एक फोड चाखली आणि मीठ जास्त आहे म्हणाली. दुपट्टा घेतला नाही, नातीला घेऊ दिला. निघताना म्हणाली, पत्र पाठवत जा.

ऐकताना मला रडू आलं. थोडं सुटल्यासारखंही झालं. मी म्हटलं, "म्हणजे बरंच झालं ना, वहिनी? ती ओळ वाचली असती तर तुम्ही गेलाच नसता."

"गेले नसते," त्या म्हणाल्या. आणि मग अगदी शांतपणे, त्यांच्या मराठीत त्या दिवशी एकही चूक झाली नाही, "पण ते पत्र माझं होतं, कुसुमताई. तिनं तीन दिवस शिजवलं, चार वर्षं भोगलं, त्यानंतर तिला एक गोष्ट मला सांगायची होती. ती तुम्ही मला ऐकू दिली नाहीत."

  मी हात जोडले. त्यांनी माझे पिठाचे हात धरून खाली केले आणि उठून साडी बदलायला गेल्या. कामावरून काढलं नाही, आवाज चढवला नाही. आठवडाभर मात्र आमच्यात मीठ आणि तेल याखेरीज बोलणं झालं नाही. मग हळूहळू पूर्वीसारखं झालं, जवळजवळ.

त्या महिन्यापासून वहिनी दुपारची गिऱ्हाइकं उरकली की छत्री घेऊन रफीकभाईंच्या मोहल्ल्यात जाऊ लागल्या. शुक्रवार सोडून रोज एक तास. चाळिशी उलटलेली मेमसाब मदरशाच्या ओसरीवर पाटी घेऊन अलिफ-बे गिरवते आहे, हे बघायला पहिले काही दिवस गल्ली जमायची. मौलवीसाहेब सांगत, उच्चार त्यांचे गावठी, पण चिकाटी भारी. दीड वर्षात त्यांना पत्र वाचता यायला लागलं. ओरानहून वर्षातून दोन-तीन पत्रं येत. पोस्टमन ती माझ्या हातात देई, मी हात पुसून वहिनींना नेऊन देई. त्या टेबलाशी बसून, बोट फिरवत, सावकाश शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, घडी घालत आणि पदराखाली ठेवत. त्यांत काय असे, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.